अख्खा काप

प्रयोगशाळेत तिला सगळे रिबनताई म्हणायचे. नाव ऐकून कुणाला वाटेल, बाई वेण्यांना रिबिनी बांधून येत असेल. तसलं काही नाही. केस एका काळ्या चापात गच्च आवळलेले, वर कागदाची टोपी, आणि चेहरा असा की चहा घेणार का हे विचारायलाही समोरच्याला धीर गोळा करावा लागे. रिबन निघायची ती तिच्या मशीनमधून. ऑपरेशनमध्ये माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा आधी औषधात मुरवतात, मग वितळलेल्या मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात. त्याला तिथे ब्लॉक म्हणतात. ब्लॉक मशीनला लावून चाक फिरवलं की पात्यावरून केसाहून बारीक काप निघत राहतात आणि एकमेकांना चिकटून त्यांची लांब पट्टी होते. ती पट्टी कोमट पाण्यावर अलगद सोडायची, सुरकुती न पडू देता काचेच्या स्लाइडवर उचलायची आणि रंगवायची. मग ती स्लाइड डॉक्टर मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाते आणि मॅडम सांगतात, ह्या माणसाला काय झालंय.

हे काम शिकवलं तर कुणालाही येतं, असं वरचे लोक म्हणतात. वरच्या लोकांचं काय, ते काहीही म्हणतात. रिबनताईच्या स्लाइडवर तुकड्याचा एक कोपरा कधी सुटलेला नसे. अर्धवट, फाटका, एका बाजूने खाल्लेला काप तिने मॅडमच्या टेबलावर कधी जाऊ दिला नाही. "अख्खा काप हवा असेल तर हिच्याकडे द्या," असं मॅडम म्हणायच्या, आणि त्या दिवशी रिबनताई घरी जाताना भाजीवाल्याशी घासाघीस करायची नाही. इतकाच तिचा आनंद दिसायचा.

घरी मात्र ह्याच गुणाची टर उडायची. पावाचा तुकडा वेडावाकडा कापला गेला तर ती सुरी हातातून काढून घेई. बाबा म्हणायचे, "हिच्या हाताखाली पावसुद्धा घाबरून सरळ बसतो." बाबांची सगळी नोकरी एका नाट्यगृहाच्या दारात तिकिटं फाडण्यात गेलेली. प्रेक्षक आत गेले की मागे उभं राहून शेवटचा अंक फुकटात बघायला मिळे, त्यामुळे नाटकातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा ठाम समज होता. ह्या समजाची किंमत रिबनताईच्या धाकट्या बहिणीने मोजली.

धाकटी तेरा-चौदा वर्षांची असताना एकदा बाथरूमच्या फरशीवर आडवी पडलेली सापडली. गुडघे पोटाशी घेतलेले, गाल थंडगार लादीवर टेकवलेला, तोंडातून नुसता 'आई आई'चा जप. दर महिन्याचंच होतं ते, पण त्या वेळी पाहुणे घरात होते. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "या, या, तिकीट नाही. आमच्या घरात नाटककंपनी उतरलीय." पाहुणे हसले, आई हसली, मोठी हसली, आणि खरं सांगायचं तर कळ ओसरल्यावर धाकटीही हसली. त्या दिवसापासून तिचं नाव कंपनी पडलं. 'कंपनी उठली का?' 'कंपनीला दूध दे.' शाळेतल्या मैत्रिणीसुद्धा खालून 'कंपनीऽऽ' अशी हाक मारायच्या. लाडाचं नाव होतं, ह्यात शंकाच नाही. माणसाला लाडाने केवढं खोल गाडता येतं, हे बघायचं असेल तर ह्या घरात यावं.

आई गेली, वर्षं गेली, कंपनी तिशी ओलांडून पुढे आली. बुटांच्या एका दुकानात ती नोकरीला होती. गिऱ्हाइकापुढे बसकं स्टूल घेऊन वाकायचं, पावलाचं माप घ्यायचं, बूट चढवून द्यायचा, आणि पुन्हा खोके घेऊन शिडीवर. त्या चार दिवसांत वाकली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. दुकानदार माणूस बरा होता, रजा द्यायचा. पण रजा देताना असा हसायचा की ती परत करून टाकावीशी वाटे. डॉक्टर करून झाले. एकाने गरम पाण्याची पिशवी सांगितली, एकाने लग्न. सोनोग्राफीत काही दिसलं नाही. घरी बाबा म्हणाले, "पडदा पडला बरं का."

रिबनताईने स्वतः बायकांच्या असल्या दुखण्याचे किती ब्लॉक कापले असतील त्याची गणती नाही. पण कापणारा कापतो, बघणारा बघतो. काचेवर काय आहे ते कापणाऱ्याला कोण सांगत बसतं? एका दुपारी मॅडम खुशीत होत्या. त्यांच्याकडे दोघांना एकदम बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. त्यांनी हिला समोर बसवलं.

"ह्या बाईच्या पोटातल्या पडद्यावरचा तुकडा आहे. ही गोल नळी दिसते? कडेने पेशी कशा रांगेत उभ्या आहेत बघ. ही ग्रंथी. तिच्या भोवती निळ्या-जांभळ्या बारीक पेशींची दाटी, ती तिची बैठक. आणि ह्या फुगलेल्या पेशी, पोटात तपकिरी रंग घेऊन बसल्यात, तो जुन्या रक्ताचा. हे सगळं गर्भाशयाच्या आतलं अस्तर आहे. असायला हवं आत, उगवलंय बाहेर."

"मग ते बाहेर काय करतं?"

"आतलं जे करतं तेच. महिन्याच्या महिन्याला रक्त सोडतं. फक्त ह्याला जायला वाट नाही. मग शरीर भोवती दोऱ्यांसारखी ही गुलाबी भिंत बांधत बसतं, आणि बाई कळवळते."

रिबनताई त्या दिवशी घरी गेली तेव्हा कंपनी गाल लादीवर टेकवून पडलेली होती. रिबनताई दारात उभी राहिली. हाक मारायला तिला आपल्या बहिणीचं खरं नाव एकदम आठवेना, इतकी वर्षं ते वापरात नव्हतं. तिला रडू आलं. मग ती शेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, "उद्या आपण मोठ्या सर्जनकडे जायचं."

सर्जनने पोटात दुर्बीण घालून बघायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "काही निघालं तर मी भर चौकात हिची माफी मागतो. आणि नाही निघालं तर?"

"तर मी आयुष्यात परत पोट दुखतं म्हणणार नाही," कंपनी म्हणाली. "पण तुम्ही माफी पाठ करून ठेवा बाबा. ऐन वेळी संवाद विसराल."

तिला किती आशा होती! आजार निघावा म्हणून कुणी देवाला हात जोडतं का? ती जोडत होती. निघाला तर त्याला नाव होतं, नाव असलं की औषध होतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे इतक्या वर्षांचं ते लादीवरचं पडणं खरं ठरणार होतं.

सर्जनला आत एकच संशयास्पद ठिपका दिसला. त्याने तो काढला. तिळाएवढा तुकडा. "मला नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला. "डाग दुसऱ्या कशाचाही असू शकतो. रिपोर्ट काय म्हणतो ते बघू, त्यावर पुढचं."

आणि तो तिळाएवढा तुकडा रिबनताईच्या प्रयोगशाळेत आला.

तिथे एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. आपल्या माणसाचा तुकडा आपण कापायचा नाही. ब्लॉक गुपचूप शेजारच्या मशीनवर सरकवायचा, आणि शेजारच्याने काही न विचारता घ्यायचा. स्वतःच्या आईचा ब्लॉक एकदा रिबनताईनेही असाच सरकवला होता. पण तेव्हा शेजारी एक जुनी, मुरलेली बाई होती. आता तिथे नवी होती. नवीचा स्वभाव गोड, हात मात्र धसमुसळा. तिचे काप पाण्यावर पडले की चिंध्या व्हायच्या. रिबनताईने ब्लॉक सरकवण्यासाठी उचलला, नवीकडे बघितलं, आणि परत आपल्या मशीनला लावला. नवीने बघितलं. तिला उलट बरंच वाटलं. ह्या बाईच्या हातात आहे म्हणजे काळजी मिटली, असंच कुणालाही वाटलं असतं.

ब्लॉकवर आधी मेणाचा थर असतो. तो जाड फेऱ्यांनी खरवडून काढायचा, तुकडा उघडा पडला की बारीक काप घ्यायला लागायचं. खरवडलेला चुरा खाली ट्रेमध्ये पडतो. पेन्सिलीला टोक काढताना पडतो तसा. तुकडा मोठा असेल तर चार फेऱ्या इकडे-तिकडे झाल्याने बिघडत नाही. पण तुकडा तिळाएवढा असेल तर पहिल्यापासून सगळं जपायचं, काप अर्धवट आला तरी तोही काचेवर घ्यायचा. हे नवीला शिकवलं कुणी? रिबनताईनेच.

तुकडा मेणात किंचित तिरका बसला होता. पहिल्या फेऱ्यांनंतर त्याची एकच कड उघडी पडली. नखाच्या कोरीसारखी, आणि त्या कोरीवर एक बारीक तपकिरी ठिपका. रिबनताईने तो पाहिला. पाहिला म्हणजे डोळ्यांपुढून गेला. मनात होतं ते वेगळंच. हा माझ्या बहिणीचा काप आहे, हा अर्धामुर्धा मॅडमच्या टेबलावर जाणार नाही, हा मी आजवर कापलेल्यांत सगळ्यात सुंदर असणार. तिने चाक फिरवलं. कड रुंदावली. अजून थोडं. अजून एकदा. मग तुकडा पुरा उघडा पडला, गोल, नितळ, चारही कडांनी भरलेला, आणि तिच्या मशीनमधून अशी रिबन निघाली की नवी आपलं काम सोडून बघत राहिली.

ठिपका आठवला तो स्लाइड रंगवून झाल्यावर. स्लाइड तशीच ठेवून ती मशीनकडे धावली. तिने ब्लॉक उजेडाकडे धरून पाहिला. ठिपका नव्हता.

मॅडमनी तिला बोलावलं.

"काय कापलंयस ग! एक कोपरा सुटलेला नाही. बस, दाखवते." रिबनताई समोर बसली. काचेवर गुलाबी दोऱ्यांचं शेत पसरलं होतं. एका कडेला दोन-तीन फुगलेल्या पेशी, पोटात तपकिरी. "जुनं रक्त आहे थोडं. पण ग्रंथी नाही, भोवतीच्या पेशींची बैठकही नाही. तिन्हींतलं दोन तरी दिसल्याशिवाय मला नाव देता येत नाही. ह्या एकट्या रंगावर काय लिहू? खोल जाऊन अजून काप घे."

खोल काही नव्हतं, हे रिबनताईला ठाऊक होतं. जे होतं ते वर होतं. तरी तिने काप घेतले, एकेक जपून, अर्धे, फाटके, सगळे काचेवर. आता जपून काय उपयोग! तुकडा संपला आणि नुसतं मेण लागलं. गुलाबी दोऱ्यांपलीकडे काही निघालं नाही.

मग तिने एक वेडेपणा केला. ट्रे केव्हाच रिकामा झाला होता. मागच्या अंगणात, जिथे दिवसभराचा कचरा पिशव्यांत बांधून ठेवतात, तिथे जाऊन तिने पिशवी सोडली आणि मेणाच्या चुऱ्यात हात घातला. दिवसभरातल्या सगळ्या ब्लॉकांचा चुरा एकत्र, पांढरा, भुसभुशीत, कुणाचा कुठला हे त्या चुऱ्यालाही सांगता आलं नसतं. आणि सापडला असता तरी त्याचं काहीच करता आलं नसतं. हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी ती चिमूट चिमूट उजेडात धरून बघत होती.

झाडलोट करणारे मामा तिथे आले. "काय हरवलं हो ताई?"

"कानातलं," ती म्हणाली.

मामा बिचारे गुडघे टेकून शेजारी बसले आणि तेही शोधायला लागले. "सोन्याचं होतं का?"

"हो."

"सापडेल, सापडेल. जातंय कुठं?" मामा म्हणाले, आणि तिथे, त्या कचऱ्याच्या पिशवीपाशी, रिबनताई हमसून हमसून रडली. मामांना वाटलं, फारच जड दागिना असणार.

तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रिपोर्टचा कागद पुढे ओढला.

"वर ग्रंथी होती, हे तू पाहिलंस?"

"तपकिरी ठिपका पाहिला."

"ठिपका म्हणजे रक्त. ते मलाही दिसलंय. ग्रंथी पाहिलीस?"

"नाही."

"मग मी कशी लिहू? जे काचेवर आलं नाही, ते होतं असं मला म्हणता येत नाही. नव्हतं असंही म्हणणार नाही. तुकडा अपुरा पडला, नक्की सांगता येत नाही, असं शेवटी लिहिते." मग त्या हळूच म्हणाल्या, "शेवटची ओळ कुणी वाचत नाही ग. पण लिहिते."

सर्जनने ती वाचली नाही. त्याने वरच्या दोन ओळी वाचल्या आणि खुर्चीत रेलून म्हणाला, "अभिनंदन. काही वाईट निघालेलं नाही."

"तुकडा अपुरा होता," रिबनताई म्हणाली. "कापताना वरचा भाग गेला. परत एकदा बघता येईल का?"

"परत काय बघू? एकच डाग होता, तो काढला. बाकी सगळं स्वच्छ आहे. एवढ्यावरून पुन्हा पोटात शिरायचं नसतं." तो कंपनीकडे वळला, आवाज मऊ केला. "कधी कधी मन दुखतं आणि आपल्याला वाटतं पोट दुखतंय. मी एका चांगल्या बाईंचं नाव देतो. त्यांच्याशी बोला."

कंपनीने मान हलवली. तिने चिठ्ठी घेतली, नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली. बाहेर पडताना तिने सर्जनचे आभारही मानले.

बाबा खरोखर आनंदले. त्यांच्या मनात काळं नव्हतं, हे सांगायला हवं. मुलीला आजार नाही म्हटल्यावर कोणता बाप आनंदणार नाही? त्यांनी माफीचा विषयही काढला नाही, तिला चिडवलंही नाही. फक्त रात्री जेवताना म्हणाले, "सुटलो बाबा एकदाचे." कंपनीने ताटात खाली बघून हो म्हटलं.

ताटं आवरल्यावर रिबनताईने तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि पलंगावर समोर बसवलं. काही राखून ठेवलं नाही. रिवाज मोडला ते सांगितलं, तिरका तुकडा सांगितला, ठिपका सांगितला, चाक फिरवलं ते सांगितलं. "तुझं दुखणं खरं आहे. पुरावा होता, तो मी माझ्या हाताने कचऱ्यात घातला. चूक माझी आहे. तुझी काही नाही."

कंपनीने मोठ्या बहिणीचा हात हातात घेतला आणि त्यावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं.

"ताई, तुझ्या हातून काप चुकला?"

"हो."

"तुझ्या हातून?" ती हसली. दमलेलं, माया असलेलं हसू. "अग, पाव वाकडा कापला गेला तर तुला झोप येत नाही. मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगशील तू."

"मी खोटं नाही बोलत. खरंच सांगते. मी डोळ्यांनी पाहिला ठिपका."

"म्हणजे तुला ते दिसलं? जे मॅडम दाखवतात ते, ग्रंथी की काय, ती दिसली?"

इथे एक 'हो' म्हणायचा होता. एकच. रिबनताईचं तोंड उघडलं, पण आयुष्यभर जे काचेवर आहे तेवढंच मानलेल्या बाईच्या तोंडून तो शब्द बाहेर पडेना. "ठिपका दिसला," ती म्हणाली. "बाकीचं मला माहीत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही."

"बघ," कंपनी म्हणाली. "पुरे आता ताई. नाटक करू नकोस."

रिबनताईने तिचे हात धरले, शपथा घातल्या, रडली. जितकी रडली तितकं ते कंपनीला जास्त खोटं वाटलं. खरं सांगावं आणि समोरच्याने मायेने हसावं, हे काय असतं ते रिबनताईला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. कंपनीला ते तेराव्या वर्षापासून माहीत होतं.

सर्जनने सुचवलेल्या बाईंकडे कंपनी गेली नाही. तिने त्यापेक्षा सोपं केलं. बाबांना दिलेला शब्द पाळला. पुढच्या महिन्यात ते दिवस आले. रिबनताई सकाळी उठून आधी बाथरूमकडे धावली. फरशी रिकामी होती. कंपनी आरशापुढे केस विंचरत होती, ओठांवर घामाचे थेंब, चेहरा चुन्यासारखा.

"आज नको जाऊस," रिबनताई म्हणाली.

"का? मला काय झालंय?"

बाबा वर्तमानपत्रातून डोकं काढून कौतुकाने म्हणाले, "बघ, किती फरक पडला. आधीच गेलो असतो सर्जनकडे तर इतकी वर्षं फुकट गेली नसती."

कंपनी दारात बूट घालायला वाकली. वाकलेलीच राहिली. लेस बांधायला लागतो त्याहून फार जास्त वेळ. रिबनताई तिच्या पाठीकडे बघत उभी होती. पाठ थरथरत होती. रिबनताई पुढे झाली आणि तिने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

कंपनी सरळ झाली, घाम पुसला.

"काही नाही ग," ती म्हणाली. "तुमच्या मॅडमनीच लिहून दिलंय ना, काही नाही म्हणून."

आणि कठड्याला धरून ती जिना उतरायला लागली.